पट्टी दाराला नको, भिंतीला लावा

जुन्या स्पोर्ट्स कारचे दार लांब असते. गाडी दोनच माणसांची, प्रत्येक बाजूला एकच दार आणि बैठक जमिनीलगत. आत-बाहेर करायचे तर दार पुरते उघडावे लागते, आणि साध्या चारदारी गाडीचे दार जिथे सुखरूप उघडते तिथे याची कड भिंतीवर जाऊन आपटते. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून आत जाणाऱ्या गल्ल्या आणि त्यांतली चिंचोळी घरे पाहिली की अशा गाडीच्या मालकाची धास्ती समजते. म्हणून गाडी घरी आली की पहिली आठवण होते ती दाराच्या पट्टीची. मधोमध रबरी बीडिंग आणि कडेला इंग्रजी यू आकाराचे गार्ड लावून घेतले जाते. दोन्ही स्वस्तात मिळतात, अर्ध्या तासात बसतात. माझे म्हणणे असे आहे की जी पट्टी खूण न ठेवता काढता येत नाही, ती जुन्या गाडीला लावूच नये. कारण ती दाराचे एका दुखण्यापासून रक्षण करते आणि त्याहून मोठे दुखणे लावून देते.

हे पटण्यासाठी दार आतून कसे असते ते पाहायला हवे. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडून दाबलेला असतो; आपण कड म्हणतो ती हीच दुमड. काच वर-खाली होते तिथल्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच, नव्या गाडीतही उतरते, आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ही सोय बनवणाऱ्याने मुद्दाम केलेली असते. कडेवर गार्ड चढवले की दुमडीवर झाकण बसते. त्याखाली धूळ शिरते, पाण्याने भिजते आणि ओली माती कित्येक दिवस पत्र्याला चिकटून राहते. वाळली तरी सुटका नाही. गाडी हादरते तसे गार्ड किंचित हलते आणि खालची धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासत राहते. १९६०-७० च्या दशकांतल्या गाड्यांच्या पत्र्यावर आजच्यासारखा जस्ताचा थर सर्रास नसे. रंग गेला की लोखंड उघडे पडते. गंजाचा फोड वर दिसतो तेव्हा आतली दुमड बरीच खाल्ली गेलेली असते.

मधल्या पट्टीची तऱ्हा वेगळी. ती स्क्रूने किंवा रिव्हेटने बसवली तर प्रत्येक भोकाच्या काठाशी उघडे लोखंड राहते. त्यात स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची पट्टी आणि मधे ओल असा मेळ जमला की दोन धातूंच्या संगतीने झीज वाढते. डबल टेपने चिकटवली तर भोक टळते, पण आपल्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेहून कितीतरी जास्त तापतो. टेपचा चिकटा सैल होतो, पट्टी सरकते. काढायला गेले तर दुसरी अडचण उभी राहते. जुन्या गाडीवर रंगाचे हात अनेकदा चढलेले असतात, खाली लांबी असते, आणि टेपची पकड रंगाच्या पकडीहून घट्ट निघाली की पट्टीबरोबर रंगाची ढलपी येते. हेअर ड्रायरची ऊब देऊन दोऱ्याने सावकाश कापत काढली, तरी पट्टीखालचा रंग गडद आणि भोवतालचा उतरलेला, असा पट्टा दारावर उरतो.

हा विचार बुऱ्हाणपूरकरांना परका वाटू नये. तापीकाठच्या शाही किल्ल्यातल्या हमामाचे रंगीत छत पाहिलेल्या कुणालाही जुनी वस्तू जपणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. चुन्याच्या जुन्या भिंतीवर मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि भिंत झिजू लागते. हेतू राखणीचाच असतो, तरी नुकसान होते. वास्तुजतनाच्या तत्त्वांची १९६४ ची व्हेनिस सनद प्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिचाच आधार घेऊन वाहनांसाठी ट्युरिन सनद केली. मूळ वस्तूत हात कमीत कमी घालावा आणि घातलाच तर तो परत काढून घेता यावा, हा तिचा गाभा. मोटारीला इमारतीच्या पंगतीत बसवणे मला योग्य वाटते. दोन्हींत कारागिराचा हात असतो, आणि तो एकदा पुसला की पुन्हा आणता येत नाही.

आपल्याकडचा कायदाही त्याच दिशेने निघाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे. दारातल्या चार भोकांनी ही नोंदणी हुकेल असे मी म्हणत नाही. नियमाचा रोख सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरफारांवर आहे. पण ५० वर्षे न झालेल्या गाड्यांना एवढेही छत्र नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली गोव्याची सॅन स्टॉर्म घ्या. दोन आसनी, उघड्या टपाची, रेनॉच्या इंजिनाची गाडी, आणि तिची बॉडी फायबरग्लासची. ती गंजत नाही म्हणून ड्रिल बिनधास्त चालवावे असे कुणाला वाटेल. पण फायबरला भोक पाडताना वरचा गुळगुळीत थर तडकतो आणि भोकाभोवती बारीक चिरा पसरतात. उत्पादन थांबलेल्या गाडीचे दुसरे दार बाजारात जाऊन आणता येत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, दाराला पोचा पडला तर त्याचा खर्च पट्टीच्या कितीतरी पट होतो. खरे आहे. पण पोच्याने पत्र्याचा फक्त आकार बिघडतो. रंग फुटला नसेल तर चांगला डेंटर आतून दाब देऊन तो पुष्कळसा पूर्ववत करतो. गंजाने पत्राच नाहीसा होतो. तिथे कापून नवा तुकडा जोडावा लागतो, आणि ती दुमड जुन्यासारखी वळवणारे हात आता कमी झाले आहेत. दुसरा आक्षेप असा की त्या काळी कारखानेच दारावर क्रोमच्या पट्ट्या लावत. लावत, पण त्यांची भोके रंगाआधी पाडलेली असत, त्यांवर अस्तर आणि रंग चढे. तुमच्या मॉडेलला अशी पट्टी मुळात असेल तर ती त्याच भोकांत, तशाच क्लिपांनी जरूर बसवा. गाडी माझी, मर्जी माझी, हा तिसरा युक्तिवाद मला मान्य आहे. मी बंदी मागत नाही. रॅलींत मूळ रूपाला गुण देणाऱ्या परीक्षकांनी मात्र नव्याने पाडलेल्या भोकांचे गुण कापावेत, असे मला ठामपणे वाटते.

राखण करायचीच, तर ती गाडीबाहेर करता येते. गाडी रोजच्या जागी उभी करून दार हळूहळू उघडा, कड टेकते तिथे भिंतीवर खडूने खूण करा आणि खुणेच्या वर-खाली वीतभर जाड रबरी मॅट किंवा फोम ठोका. गर्दीत उभी करायची असेल तर चुंबकाची सुटी पट्टी चालते. ती फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या दारावर मात्र चिकटत नाही. लावण्याआधी दार आणि पट्टी दोन्ही पुसावीत, आणि निघण्याआधी पट्टी काढून ठेवावी. आधीच्या मालकाने कडेला गार्ड चढवलेले असेल तर ते या पावसाळ्याआधी उतरवा, दुमड धुऊन पूर्ण वाळू द्या, आणि दाराच्या तळाची भोके प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी करून घ्या. तारेने नको, तार रंग ओरबाडते.