कर्तृत्व राणीचे, गादी मुलाची

कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरील महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा हे करवीरनगरीचे भूषण आहे. हिंदू समाजाने स्त्रीला केवळ चूल आणि मूल दिले, असा कंठशोष करणाऱ्यांना तो पुतळाच उत्तर देतो. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही कन्या अवघी पंचविशीत होती. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला होता. सातारा, परळी, पन्हाळा असे गड त्याच्या हाती पडत होते. अशा वेळी ताराबाईंनी सरदारांना एकत्र राखले आणि मराठी फौजा माळवा-गुजरातेपर्यंत धाडल्या. १७०७ मध्ये बादशहा मेला. स्वराज्य मात्र बुडाले नाही.

परंतु सात वर्षे राज्य राखणाऱ्या या राणीला कारभार करावा लागला तो चार वर्षांच्या मुलाच्या नावाने. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पुत्राला, संभाजीराजांना, गादीवर बसवून मायलेकांना पन्हाळ्यावर कैदेत टाकले गेले. १७६० मध्ये तेच संभाजीराजे निपुत्रिक वारले, तेव्हा राणी जिजाबाईंनी दत्तक घेऊन १७७३ पर्यंत करवीर सांभाळले. कर्तृत्व राणीचे, गादी मात्र मुलाची! आजही पडद्यावर माहिष्मतीसारखे काल्पनिक राज्य रंगविले जाते, तेव्हा राजमाता शिवगामी कारभार हाकते, आणि सिंहासनाचा प्रश्न दोन मुलांपुरताच उरतो.

हा दोष केवळ आपला नव्हे. पुरोगामित्वाचे धडे देणाऱ्या इंग्लंडने राजगादीसाठी धाकट्या भावाला थोरल्या बहिणीपुढे ठेवणारा नियम बदलला तो २०१३ मध्ये. मात्र शेजाऱ्याच्या घरातील केर दाखवून आपले अंगण स्वच्छ होत नाही. १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेल्यावर अहिल्यादेवींनी मुलाच्या नावाचा आडोसा न घेता होळकरांचा कारभार हाती घेतला आणि पेशवे माधवरावांनी त्यास मान्यता दिली. म्हणजे योग्यतेला अधिकाराची जोड देण्याचे उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे.

राजगाद्या गेल्या, वारसा मात्र घरोघरी आहे. वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला पुत्राच्या बरोबरीने हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही सुशिक्षित, संस्कारी म्हणविणाऱ्या घरांतून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या धाकाने ती सही करते, आणि भाऊ त्याला प्रेम म्हणतो. स्वखुशीने सोडलेला वाटा हा त्याग असू शकतो. भीतीने सोडविलेला वाटा हा अन्यायच होय.

ताराराणींच्या जयजयकाराने सभा दुमदुमतात. तो जयजयकार खरा की पोकळ, हे चौकात ठरत नाही. ते घरातील सातबाऱ्यावर ठरते.