पदवी आणि दलालीचा परवाना

अमेरिकेंत संसार थाटलेल्या आपल्या कित्येक लेकीसुना घरांच्या खरेदीविक्रीच्या व्यवसायांत शिरूं पाहतात, तेव्हां येथील वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "मुलगी एम्. ए. झालेली, तिला पुन्हां वर्गांत बसावयास कां लावतात?" या प्रश्नामागें पदवीसाठीं खर्ची घातलेलीं वर्षें आणि बापानें सोसलेला भार असतो, म्हणून त्यास हंसून चालावयाचें नाहीं.

तेथें हा परवाना मध्यवर्ती सरकार देत नाहीं. प्रत्येक संस्थान आपापला देतें. विक्रेत्याच्या पहिल्या परवान्यासाठीं फ्लॉरिडांत ६३ तासांचा अभ्यासक्रम आहे, टेक्ससमध्यें १८० तासांचा; कॅलिफोर्नियांत ४५ तासांचा एक असे तीन विषय पुरे करावे लागतात. यांतून सूट मुळींच नाहीं असें नव्हे. फ्लॉरिडांत चार वर्षांच्या पदवीधरास ती मिळते, मात्र पदवी स्थावर मालमत्तेच्याच विषयांतली हवी. फ्लॉरिडांत व कॅलिफोर्नियांत त्या त्या संस्थानाच्या वकीलमंडळाच्या सभासदांसहि अभ्यासक्रम माफ आहे, आपल्याकडील एल्. एल्. बी. त्या हिशेबांत येत नाहीं. शिवाय सूट तासांची, परीक्षेची नव्हे. फ्लॉरिडाच्या परीक्षेंत शंभर प्रश्नांपैकीं पंचाहत्तरांचीं उत्तरें बरोबर यावींच लागतात.

आम्हांस हा नियम रास्त वाटतो. आपले शास्त्रग्रंथ विषयाआधीं अधिकाऱ्याचा विचार करतात, आणि तो अधिकार विषयागणिक निराळा असतो. वैयाकरण कितीहि मोठा असला तरी नाडी दाखवावयास त्याच्याकडे कोणी जात नाहीं. दलालाच्या हातीं तर गिऱ्हाइकाची जन्माची पुंजी असते. गहाणखत, करारपत्र, आपण कोणाच्या बाजूनें बोलत आहों याची कबुली, यांतलें कांहींच कालिदास वाचून येत नाहीं. (आम्हीं आयुष्यभर कालिदासच शिकविला, म्हणून हें निर्भयपणें लिहितों.)

यांत एक गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. पुण्या-मुंबईचा दलाल जागा दाखवितांना "वस्ती चांगली, सगळे आपल्यांतलेच लोक" असें कौतुकानें सांगतो आणि आपणहि तें समाधानानें ऐकतों. जात किंवा खाणेंपिणें विचारून बिऱ्हाडकरू ठेवण्याची चालहि आपल्या सुशिक्षित घरांना अपरिचित नाहीं. अमेरिकेंत १९६८ च्या गृहविषयक कायद्यानें वंश, वर्ण, धर्म व मूळ देश पाहून घर नाकारणें निषिद्ध केलें. स्त्री-पुरुषभेदाची भर १९७४ सालीं पडली. त्याच कारणांनीं गिऱ्हाइकास एका वस्तीकडे वळविणें आणि दुसरीपासून परतविणें हेंहि त्याच कायद्यांत बसतें. म्हणजे आपली सुविद्य कन्या केवळ घरच्या वळणानें, मनांत कांहीं वाईट नसतांना, पहिल्याच आठवड्यांत गुन्ह्यास पात्र व्हावयाची ! कॅलिफोर्नियानें २०२४ पासून हा भाग व नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांचा विचार अभ्यासक्रमांत सक्तीचा केला आहे. एवढ्या एका धड्यासाठीं वर्गांत बसावें लागलें तरी आम्ही तो वेळ फुकट गेला असें म्हणणार नाहीं.

महाराष्ट्रांतहि काळ पालटला आहे. महारेरानें २०२३ सालीं दलालांस प्रशिक्षण व परीक्षा लावून दिली, आणि २०२४ च्या आरंभापासून योग्यतेचें प्रमाणपत्र आवश्यक ठरविलें. कालपर्यंत चावीचा जुडगा हेंच ज्याचें भांडवल, त्यालाहि आतां पुस्तक उघडावें लागतें.

तरीहि कोणास सूट मागावयाची असेल तर पदवीपत्राच्या चौकटीकडे न पाहतां विषयवार गुणपत्रक काढावें. टेक्ससमध्यें महाविद्यालयांत शिकलेला एखादा विषय त्यांच्या विषयाशीं जुळत असेल तर तेवढाच वजा होऊं शकतो. परदेशी गुणपत्रकाची तुल्यता ठरवून घेण्याचा खर्च पडतो. म्हणून आधीं त्या संस्थानाच्या परवाना-खात्यास लिहून विचारावें, शिकवणीची फी मागाहून भरावी. आणि सर्वांत आधीं व्हिसा पाहावा. परवाना हातीं आला म्हणजे काम करण्याची मुभा मिळाली असें नाहीं. नवऱ्याच्या नोकरीमुळें एच्-४ व्हिसावर गेलेल्या स्त्रीस कामाची अनुज्ञा स्वतंत्रपणें काढावी लागते. ती सोय २०१५ पासूनची, आणि तीहि सर्वांस नाहीं.