ऱ्हाईनकाठून : तिसऱ्या नव्हेत त्या!

उन्हाळ्यात ऱ्हाईनचं पाणी उतरलं की रोडेनकिर्शेनच्या वाळूत शिंपल्यांचा खच दिसतो. पिवळट-तपकिरी, कंगोरेदार, नखाएवढ्या ते रुपयाएवढ्या. आपल्यातल्या कोकणवाल्यांच्या तोंडून हमखास निघतं, "अगो बाई, तिसऱ्या!"

त्या तिसऱ्या नव्हेत, आणि मूळच्या ऱ्हाईनच्याही नव्हेत. या शिंपल्यांचं माहेर आशियात. इथे ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोचले आणि आता वाळूत हाताला लागतात ते बहुतेक तेच.

यांना आणलं कुणी? बहुधा जहाजांनी. रिकामं जहाज डोलू नये म्हणून पोटातल्या टाक्यांत बंदराचं पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. त्या पाण्यात अंडी, अळ्या, चिमुकले खेकडे असा फुकट्या प्रवाशांचा मेळावाच असतो. चिनी लोकरी खेकडा असाच आला असं मानतात. जर्मनीत तो प्रथम १९१२ साली आलर नदीत सापडला. नांग्यांवर लोकर असलेला हा प्राणी वाढतो नदीत, पण वीण घालायला समुद्राकडे उतरतो. शांघायला त्याची मेजवानी होते. इथे तो कोळ्यांची जाळी फाडतो नि काठ पोखरतो. जहाजांच्या या पाण्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला २००४ साली आणि लागू झाला २०१७ साली. म्हणजे खेकडा आल्यावर शंभर वर्षांनी!

दुसरं दार आपण हौसेने उघडलं. सप्टेंबर १९९२मध्ये १७१ किलोमीटरचा माईन-डॅन्यूब कालवा सुरू झाला आणि काळा समुद्र उत्तर समुद्राला जोडला गेला. जहाजांच्या मागोमाग तिकडचे जीवही आले. त्यांत कोळंबीचा एक दूरचा भाऊबंद आहे, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, पण खातो त्याहून जास्त मारतो. आणि आपल्या निवट्यांच्या गोतावळ्यातला काळतोंड्या गोबी. कोलोनला गळ टाकून बसणाऱ्या कुणालाही विचारा, याचं नाव काढताच तो कपाळाला हात लावील.

पण सगळा दोष या पाहुण्यांचा कसा? १ नोव्हेंबर १९८६ला बाझलजवळ सांडोझच्या गोदामाला आग लागली. विझवण्याच्या पाण्याबरोबर विषारी औषधं ऱ्हाईनमध्ये गेली आणि वाम मासे ढिगांनी मेले. बारीकसारीक जीवही गेले. मोकळ्या झालेल्या घरात जो आधी शिरला त्याचं राज्य. शिवाय आपण काठ दगडांनी बांधून काढले. गोबीला तर असल्या कपारीच हव्यात.

आपल्याकडेही हेच. उजनीच्या काठी चवीने खातात ती चिलापी आफ्रिकेची, आणि इंद्रायणीवर गालिचा घालणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. मुंबई बंदरात जहाजांच्या बुडाला चिकटणारा काळपट शिंपला तोही अमेरिकेकडचाच.

हे बोलणं निघालं की मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे आपल्यासारखेच की हो!" हसू येतं, पण मला हा विनोद पटत नाही. माणूस ही काही वेगळी जात नव्हे. पुण्याचा काय नि कोलोनचा काय, एकच. शिंपल्यासाठीचे शब्द माणसाला लावायची सवय लागली की पुढे काय होतं, हे या देशात राहून आपण तरी विसरू नये. आणि परका म्हणजे घातक असंही नाही. इथले शास्त्रज्ञ १४९२नंतर आलेल्या जीवाला 'नवा' म्हणतात. त्या हिशेबाने आपली मिरची आणि बटाटाही नवेच! आलेल्यांपैकी थोडेच डोईजड होतात. अडचण इतकीच, की कोण डोईजड होणार ते आधी कळत नाही, आणि कळतं तेव्हा त्याला बाहेर काढता येत नाही.

म्हणून एक विनंती. मुलांना कासव नकोसं झालं की ते आखेनर वायरमध्ये सोडू नका. लाल कानाचं अमेरिकन कासव युरोपीय संघाच्या २०१६च्या बंदी-यादीत आहे. घरामागच्या तळ्यात गावची आठवण म्हणून जलपर्णी लावायची कुणाला हौस असेल, तर तीही त्याच यादीत आहे बरं का. फुलं जांभळी, सुरेख असतात, कबूल; पण कमळ लावा.