गुलाबी रेनकोट

जूनचा पहिला आठवडा म्हणजे आजोबांच्या खिशाला भोक. यंदा मुलगा आणि दोन्ही नातवंडे यांच्यासह रेनकोट घ्यायला गेलो. आठ वर्षांच्या नातीने मुलग्यांच्या ढिगातला निळा उचलला. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "धीट आहे हो मुलगी!" पाच वर्षांच्या नातवाने गुलाबीला हात घातला आणि हशा पिकला. "अरे, तो मुलींचा!" माझ्या मुलाने रेनकोट त्याच्या हातून काढून परत अडकवला. पोर हिरमुसले.

मी बँकेत बत्तीस वर्षे काढली. तिथल्या भाषेत सांगायचे तर मुलीने मुलग्यांचा रंग घेतला की तिला बढती, मुलग्याने मुलींचा घेतला की त्याची पदावनती. आक्षेप रंगाला नाहीच; खालच्या पायरीला आहे. ही पायरी आपण मुलाला दाखवतो ती बहीण शेजारी उभी असताना. तीही पाहतच असते.

बरे, हा नियम सनातन म्हणावा, तर तसेही नाही. जून १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बाळकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने नेमके उलटे सांगितले होते: गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक, म्हणून मुलींना. आजची वाटणी तिकडे रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि आपल्याकडे? लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणारे मामा-काका कधी कोणाला बायकी वाटले? बोरन्हाणाला मुलगा असो की मुलगी, झबले काळेच. आमची दुपटी तर आजीच्या लुगड्यांची. जे लुगडे विरले, तो आमचा रंग.

वाटेत मी मुलाला हे सगळे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, १९९४ साली मी गुलाबी छत्री मागितली होती. तुम्ही चारचौघांत म्हणालात, 'मग बांगड्याही घे.'"

मला काही केल्या आठवेना. कादंबऱ्यांत समंजस बाप पुष्कळ रंगवले. हा बाप मात्र मी खात्यातून खोडून टाकला होता. त्याच्या वहीत ती नोंद तशीच होती. घरी बायकोला विचारले.

"म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी शेजारीच उभी होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक पुन्हा त्या दुकानात गेलो. पाच वर्षांच्या मापाचा गुलाबी संपला होता, सातच्या मापाचा घेतला. बाह्या दुमडाव्या लागतात.