उकळता न येणाऱ्या दुधाचे काय?

दिवाळी जवळ आली की खव्यावर आणि दुधाच्या टँकरवर छापे पडतात, ओतून दिलेल्या दुधाची छायाचित्रे छापून येतात आणि सण सरला की सारे थंडावते. भेसळखोरांची गय करू नये, हे खरेच. पण देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये केलेल्या दुधाच्या पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 93 टक्के नमुने पिण्यास सुरक्षित ठरले. आरोग्याला घातक भेसळ आढळली ती 12 नमुन्यांत. आपली सारी धास्ती भेसळीपुरती राहते आणि दुकानात, हातगाडीवर माल कसा हाताळला जातो, हे कुणी बघत नाही. दूध निदान घरी उकळले तरी जाते. आइस्क्रीम आणि कुल्फी तशीच पोटात जाते.

गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे नुसते दबा धरून बसतात. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ गावात 1946 मध्ये टायफॉइडने दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली, चौघे दगावले. माग लागला तो एका आइस्क्रीमविक्रेत्यापाशी. तो स्वतःच जंतूंचा वाहक होता. पुढच्याच वर्षी तिथे आइस्क्रीमचे मिश्रण तापवणे आणि थंड ठेवणे सक्तीचे झाले. आपल्याकडे रात्री फ्रीजर बंद ठेवला, तर वितळून पुन्हा गोठलेल्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे येतात. दिवसभर एकाच गढूळ पाण्यात बुचकळलेला स्कूप प्रत्येक कोनाला लागतो. प्रयोगशाळेतल्या भेसळीच्या चाचणीत हे सापडणार नाही. त्यासाठी दुकानात जाऊनच पाहावे लागते.

अन्न व औषध प्रशासन आहे ना, असे कुणी म्हणेल. पण राज्यभरच्या उत्पादकांपासून टपऱ्यांपर्यंत सगळीकडे त्याच खात्याच्या निरीक्षकांनी पोहोचावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. छोट्या विक्रेत्यांच्या नोंदणीचे अधिकार महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याला देण्याची सोय अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतच आहे. राज्याने ती वापरावी आणि प्रभागातल्या स्वच्छता निरीक्षकाच्या हाती थर्मामीटर द्यावा.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: गाडीवाल्यांकडून हप्ते उकळण्याची ही नवी वाट ठरेल. म्हणूनच तपासणी मोजक्या, लेखी मुद्द्यांची असावी: फ्रीजरचे तापमान, पाणी, बर्फ, हात धुण्याची सोय. निकाल दुकानाच्या दर्शनी भागात लावावा, म्हणजे तो गिऱ्हाइकालाही वाचता येईल. पहिल्या चुकीला दंड नको. अन्नसुरक्षा कायद्यातच सुधारणेच्या नोटिशीची तरतूद आहे. नियम उघड असले की चिरीमिरीला वाव कमी उरतो आणि नीट धंदा करणाऱ्यालाच त्याचा फायदा होतो.

महापालिकांनी हे काम मार्चपूर्वी हाती घ्यावे. उन्हाळा सुरू झाल्यावर काढलेली परिपत्रके पावसाळ्यापर्यंत फायलीतच राहतात.