‘पडणारच आहेत’ असे म्हणू नका



माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची दाढ दुखू लागली. बघितले तर दाढेला काळा खड्डा. आजी म्हणाली, “दुधाचे दात ते, पडतलेच. तेंका औषध कित्याक?” आम्हीही गप्प बसलो. चार दिवसांनी त्याचा गाल सुजला. रात्रभर रडला, पेजसुद्धा गिळेना. शाळा बुडाली ती वेगळीच. शेवटी बाबा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सगळ्यांत जास्त हळहळली ती आजीच. तिचे एकटीचे चुकले असे नाही, घरोघरी असेच म्हणतात. पण हे म्हणणे आता सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुधाचे दात एकूण 20. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झालो की पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे पहिलीत किडलेल्या दाढेने पाचवीपर्यंत जेवायचे! शिवाय दुधाचा दात पक्क्या दाताची जागा धरून ठेवतो. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसाच. रुमाल आधीच उचलला तर शेजारचे सरकून बसतात. मग पक्का दात वाकडा येतो.

आणखी एक गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते. ती गेली की पुन्हा येणे नाही.

दाताला चिकटलेल्या गोडापासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच खाते. दुधाच्या दातांचे कवच पातळ, म्हणून कीड लवकर आत शिरते. आपण सकाळी दात घासतो, पण रात्री जेवून तसेच झोपतो. झोपेत लाळ कमी सुटते, जंतूंचे फावते.

म्हणून रात्री झोपताना फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालच्या बाळाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. लहानांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. मशेरी मुळीच लावू नये, ती तंबाखूच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचे पथक शाळेत तपासणीला आले की न लाजता तोंड उघडावे. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजवू नये, घरी दाखवावी.

वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्यापेक्षा केळी वाटली तर? आपल्या दोडामार्गात केळ्यांना काय तोटा!

पडलेला दात कौलावर टाकायची गंमत आपण सगळेच करतो. ती जरूर करा. पण दात आपल्या वेळेला पडू दे, किडून नको.

– सातवीची एक विद्यार्थिनी