ढोलकीला जागा कोण देणार?

‘लोकपंक’ हा शब्द आमच्या बहुतेक वाचकांना अपरिचित असेल. १९७० नंतरच्या दशकात बेकारीने ग्रासलेल्या लंडन-न्यूयॉर्कमधील तरुणांनी, संगीताच्या शिक्षणाची वाट न पाहता, गिटार घेऊन जे खरखरीत आणि संतप्त गाणे सुरू केले ते पंक. त्या संतापाला बापजाद्यांच्या लोकधुनेची जोड मिळाली की लोकपंक. १९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात उभी राहिलेली ‘पोग्ज’ ही मंडळी या प्रकारची अध्वर्यू होय. आयरिश लोकगीतांची चाल आणि मजुरांच्या गुत्त्यातली भाषा हे तिचे भांडवल. बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांसाठी १९७५ साली जन्मठेप झालेले सहा आयरिश निर्दोष आहेत, असे तिने १९८८ साली गाऊन सांगितले, तेव्हा नियामकांनी त्या गाण्याच्या प्रसारणावर बंदी घातली. १९९१ साली न्यायालयाने त्या सहाही जणांना मुक्त केले.

नाव परदेशी असले तरी वस्तू आमच्या घरची आहे. शीव कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावरील माटुंगा लेबर कॅम्पात वाटेगावहून आलेला एक तरुण राहत होता. वस्तीतल्या डासांवर त्याने पोवाडा रचला, तीच त्याच्या शाहिरीची सुरुवात, असे सांगतात. १९४३ साली त्याने स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला आणि १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ गिरणी कामगार. अमर शेख बार्शीकडचे, मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत मजूर म्हणून राबलेले. यांना कोणी संगीत शिकवले नव्हते. पहाडी आवाज, ढोलकी, डफ आणि तुणतुणे एवढ्यावर काम सुरू झाले.

कलापथकाची ही पहिली वर्षे आम्हाला पुढील कीर्तीपेक्षा अधिक अभ्यसनीय वाटतात. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गौळण वगळली आणि वगात सावकार, गिरणीमालक व पुढारी उभे केले. साताऱ्या-सांगलीहून आलेल्या कामगाराला हा खेळ समजावून सांगावा लागत नव्हता. साचा त्याच्या गावचाच होता, फक्त आतला राजा बदलला होता. बतावणीत त्या दिवशीची टाळेबंदी त्याच संध्याकाळी घालता येत असे. रंगमंदिराचे भाडे नाही, पडदा नाही, दिव्यांचा थाट नाही. गिरणीचे फाटक आणि चाळीचे पटांगण हाच रंगमंच, आणि तो चळवळीने मिळवून दिला होता. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने या प्रयोगांवर बंदी घातली, यावरून त्यांचा मार किती अचूक बसत होता ते दिसते.

कलापथक कम्युनिस्टांचे होते, म्हणून त्याचा गौरव करताना समाजवाद्यांनी आखडता हात घेण्याचे कारण नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखी माणसे दिली; पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्याच्यासाठीच लिहिले.

आता प्रश्न आजचा. शीव कोळीवाड्यात कोळ्यांचे मूळ गाव आहे आणि फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी निर्वासितांची वसाहतही. दर्याची गाणी आणि पंजाबी ढोल एकमेकांना ऐकू येतील इतक्या अंतरावर असलेली अशी जागा शहरात दुसरी क्वचितच असेल. (शहराला मात्र कोळीवाडा आठवतो तो हॉटेलातल्या तळलेल्या कोळंबीमुळे!) २०१२ साली याच वस्तीतली घरे पुनर्विकासासाठी पोलीस बंदोबस्तात पाडली गेली आणि विरोध करणाऱ्या रहिवाशांना अटक झाली. घराबरोबर अंगणही जाते, आणि तालीम अंगणातच होत असते. कोळीगीत लग्नाच्या मांडवात वाजते, त्याला कोणाची हरकत नसते. घर पाडणाऱ्याचे नाव त्यात आले की हरकती सुरू होतात.

आणि हरकती घेणारी यंत्रणा सिद्ध आहे. नाटक-तमाशाची संहिता प्रयोगापूर्वी सरकारी मंडळाकडून संमत करून घ्यावी, या दंडकाविरुद्ध अमोल पालेकर यांना २०१६ साली उच्च न्यायालयात जावे लागले. गुजरातच्या हिंसाचारानंतर २००२ साली पुण्यात निघालेल्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या. मंचाच्या तिघा कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली आणि खटला उभा न राहताच वर्षांमागून वर्षे त्यांची तुरुंगात गेली. तरीही गाणे थांबलेले नाही. २०१९ साली ‘स्वदेसी’ या मुंबईच्या तरुण मंडळीने आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या लढ्याचे गाणे केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. त्यांच्याकडे ढोलकीऐवजी यंत्रातला ठेका आहे, एवढ्यावरून नाक मुरडणाऱ्यांनी अमर शेखांचे नाव घेऊ नये.

आमच्याकडे अशा तरुणांना बोलावण्याची एक ठरलेली रीत आहे. सभेला गर्दी जमेपर्यंत दोन गाणी म्हणायची, वक्ते आले की ध्वनिक्षेपक सोडायचा. ही रीत बंद झाली पाहिजे. युनियनच्या कचेऱ्या संध्याकाळनंतर रिकाम्या असतात. आठवड्यातले दोन दिवस त्या तालमीसाठी विनाभाडे खुल्या कराव्यात. गाण्याचे शब्द आधी तपासायला मागू नयेत. त्यात आमच्या पुढाऱ्यांची टिंगल असेल तर ती समोर बसून ऐकावी. परवानगीचा अर्ज शाखेच्या नावाने करावा, आणि पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तर गाणाऱ्या मुलांबरोबर शाखेच्या चिटणीसाने स्वतः जावे.